दुहेरी हा पेशा कसा झाला

भारतीय बॅडमिंटनचा इतिहास सांगायचा म्हटलं की नावांची एक ठरलेली माळ ओवली जाते. नंदू नाटेकरांपासून तिची सुरुवात होते. मग प्रकाश पदुकोण, सय्यद मोदी, गोपीचंद येतात आणि ती सायना नेहवाल व सिंधूपाशी येऊन थांबते. ही सगळी माळ एकेरीची आहे. पण ज्या खेळाची ती आहे, तो खेळ रुजला तो दुहेरी म्हणून. पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हा खेळ खेळायला सुरुवात केली तेव्हा जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, कधी त्याहूनही अधिक माणसं उभी राहत. तो इतका पुण्याचा मानला गेला की काही काळ त्याला ‘पूना’ असंच म्हणत. पुढे तो इंग्लंडला गेला, बॅडमिंटन हाउस या वाड्याचं नाव त्याला चिकटलं आणि १८७७मध्ये बाथच्या क्लबनं नियम लिहून काढले. १८९९मध्ये लंडनला पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा भरली. त्या स्पर्धेत एकेरी नव्हतीच. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच तीन प्रकार होते. एकेरीला प्रवेश मिळाला तो पुढच्या वर्षी. खेळ म्हणून दुहेरी थोरली आणि एकेरी धाकटी, हे या स्पर्धेच्याच नोंदीवरून दिसतं. पेशा म्हणून मात्र क्रम नेमका उलटा लागला. केवळ दुहेरीच्या जोरावर पोट भरणारा, त्यासाठीच वाढवलेला आणि त्यासाठीच ओळखला जाणारा खेळाडू जगात उशिरा आला, आणि भारतात तर फारच उशिरा. आपल्याकडे दुहेरी दीर्घकाळ मागे राहिली याचं कारण गुणवत्तेच्या अभावात शोधण्याची सवय पडली आहे. ते मला या पेशाच्या अभावात दिसतं.

हौशी खेळाच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण तेव्हा वेगळा दुहेरीपटू असण्याची कुणाला गरज नव्हती. चांगला खेळाडू सकाळी एकेरी खेळे, दुपारी जोडीदाराबरोबर दुहेरी आणि जमलं तर संध्याकाळी मिश्र दुहेरी. डेन्मार्कच्या अर्लंड कॉप्सनं ऑल इंग्लंडमध्ये एकेरीची सात आणि दुहेरीची चार विजेतेपदं मिळवली. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी राष्ट्रीय एकेरी सहा वेळा जिंकली, पुरुष दुहेरीही सहा वेळा आणि मिश्र दुहेरी पाच वेळा. आपण त्यातली एकेरीच तेवढी लक्षात ठेवली, ही गोष्ट वेगळी. क्रिकेटमधले प्रा. दि. ब. देवधर यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी त्याआधी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरी आणि दुहेरी अशा दोन्हींकडे छाप पाडली होती. या सगळ्यामागे स्पर्धांच्या रचनेचाही हात होता. १९४८-४९मध्ये सुरू झालेल्या थॉमस करंडकात एका लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे. दूरच्या देशात बोटीनं जाणारा संघ लहान असे आणि त्यातल्या प्रत्येकाला दोन्हीकडे राबावं लागे. जो फक्त दुहेरी खेळतो, त्याला सोबत नेणं ही चैन होती. अपवाद होते. फिन कोबेरो या डॅनिश खेळाडूच्या नावावर ऑल इंग्लंडची पंधरा विजेतेपदं आहेत आणि त्यातलं एकही एकेरीचं नाही. पण कोबेरोलाही दुहेरीनं कीर्ती दिली, उपजीविका दिली नाही. त्या काळात ती एकेरीवाल्यांनाही मिळत नव्हती.

मग खेळच दुभंगत गेला. वरवर पाहता दुहेरीचं कोर्ट म्हणजे एकेरीच्या सतरा फूट रुंदीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट वाढवलेलं. पण सर्व्हिसचा चौकोन मात्र मागच्या बाजूनं अडीच फूट आखूड होतो, आणि सगळा फरक त्या अडीच फुटांत आहे. एकेरीत उंच आणि खोल सर्व्हिस करून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलता येतं. दुहेरीत तसं केलं तर समोरचा खेळाडू दोन पावलं मागे सरून स्मॅश मारून मोकळा होतो. म्हणून सर्व्हिस जाळीला घासून जाईल अशी ठेवावी लागते आणि समोरचा तीवर झडप घालतो. पहिल्या तीन-चार फटक्यांत गुण कुणाचा हे बरंचसं ठरून जातं. पुढच्यानं जाळीवर काय करायचं, मागच्यानं कुठल्या कोनात मारायचं, बचावात दोघांनी बाजूबाजूला कधी यायचं, आक्रमणात पुढे-मागे कधी व्हायचं, हे दोघांनी न बोलता करायचं असतं. एकेरीतली मोठी पल्लेदार पावलं इथे अडचणीची ठरतात. असं कौशल्य फावल्या वेळात येत नाही, हे आधी ओळखलं इंडोनेशियानं. त्युन त्युन आणि योहान वाह्युदी या जोडीनं १९७४ ते १९८० या सात वर्षांत सहा वेळा ऑल इंग्लंड जिंकली आणि १९७७मध्ये माल्मोला झालेल्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्यांच्याच पिढीचा ख्रिस्तियान हादिनाता पुढे प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली दुहेरीच्या पिढ्या घडल्या. मलेशियात रझिफ आणि जलानी या सिदेक भावांनी १९८२ची ऑल इंग्लंड जिंकली ती एका विचित्र सर्व्हिसच्या जोरावर. ते शटलच्या बुचाऐवजी आधी पिसांना रॅकेट लावत, त्यामुळे फूल हवेत गिरक्या घेत वेडंवाकडं येई. ही सर्व्हिस लवकरच नियमबाह्य ठरवावी लागली. दुहेरीतल्या एका फटक्यावर दोन माणसांनी एवढी मेहनत घ्यावी की खेळाच्या नियमावलीलाच बदलावं लागावं, इथेच हौसेचा काळ संपला होता.

या नव्या कारागिरीला पगार मिळवून दिला तो ऑलिंपिकनं. १९९२मध्ये बार्सेलोनाला बॅडमिंटनला पदकाचा दर्जा मिळाला आणि त्यातल्या चार सुवर्णांपैकी दोन दुहेरीची होती. १९९६मध्ये मिश्र दुहेरी आली आणि पाचांतली तीन सुवर्णं दुहेरीकडे गेली. सरकारी तिजोरीला एकेरीचं सुवर्ण आणि दुहेरीचं सुवर्ण यांत फरक दिसत नाही. पदकतक्त्यात दोन्ही एकच मोजली जातात. कोरियाच्या पार्क जू-बोंगनं किम मून-सूबरोबर पुरुष दुहेरीचं पहिलं सुवर्ण घेतलं. इंडोनेशियानं १९९६, २००० आणि २००८ अशी तीन वेगवेगळ्या जोड्यांकडून ते मिळवलं. आणि मग दुहेरीपटूची एक पूर्ण कारकीर्द दिसू लागली, जिला सुरुवात, मध्य आणि निवृत्तीनंतरचा अध्यायही होता. टोनी गुनावाननं सिडनीत इंडोनेशियासाठी सुवर्ण मिळवलं आणि २००५ची जागतिक स्पर्धा हॉवर्ड बाक या नव्या जोडीदाराबरोबर अमेरिकेसाठी जिंकली. १९९६चा विजेता रेक्सी मैनाकी इंग्लंडला प्रशिक्षक झाला आणि अथेन्सला त्याच्या शिष्यांनी मिश्र दुहेरीचं रौप्य आणलं. पार्क जपानला गेला आणि २०१६मध्ये जपानला बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते महिला दुहेरीत. हेंद्रा सेतियावान तर २०१९मध्ये आपल्या पस्तिसाव्या वाढदिवसाला जगज्जेता झाला. एकेरीत त्या वयात बहुतेकांनी रॅकेट टांगलेली असते. म्हणजे दुहेरी हा जास्त काळ चालणारा, सरहद्दी ओलांडून नेता येणारा आणि पुढच्या पिढीला शिकवता येणारा धंदा झाला होता.

याच काळात भारतात काय चाललं होतं? मागे पाहिलं तर सुरुवात बरी होती असंच म्हणावं लागतं. १९७८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अमी घिया आणि कंवल ठाकूर सिंग यांनी महिला दुहेरीत कांस्य मिळवलं. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांनी पुरुष दुहेरीत कांस्य घेतलं आणि लेरॉय-कंवल यांनी मिश्र दुहेरीत. पुरुष दुहेरीतलं आशियाई पदक त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी आलं. या एकेचाळीस वर्षांत बॅडमिंटन देशात आटलं म्हणावं, तर तसंही नाही. उलट १९८०मध्ये पदुकोण यांनी आणि २००१मध्ये गोपीचंद यांनी ऑल इंग्लंडची एकेरी जिंकली, सायना आणि सिंधू यांनी ऑलिंपिक पदकं आणली. पण या प्रत्येक यशानं पैसा, प्रायोजक, वृत्तपत्रांचे रकाने आणि पालकांची स्वप्नं यांचा ओघ एकेरीकडे वळवला. ज्याला एकेरीत वाव नाही त्यानं दुहेरी खेळावी, असा एक अलिखित रिवाज पडला. अशा रिवाजात दुहेरीकडे येणारा खेळाडू आधीच हरलेला म्हणून येतो आणि त्याला शिकवायला दुहेरीचा वेगळा प्रशिक्षक ठेवावा असं कुणाला वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे, आणि तो बॅडमिंटनपुरता मर्यादित नाही. भारतीय माणूस एकटा चमकतो, जोडीनं खेळायला लागला की बिघडतो, असा. हॉकीतली आठ ऑलिंपिक सुवर्णं तूर्त बाजूला ठेवू, कारण तिथे अकरा जण असतात. टेनिसकडे पाहू. ज्या दशकांत बॅडमिंटनची दुहेरी कोरडी होती, त्याच काळात लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९मध्ये फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकली. त्या दोघांचं मैत्र किती टिकलं हे जगजाहीर आहे, तरीही दोघे वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर जिंकत राहिले. स्वभावाचा सिद्धांत इथेच कोलमडतो. टेनिसच्या दुहेरीत क्रमवारी प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते. जोडी मोडली तरी कमावलेले गुण त्याच्याबरोबर जातात आणि तो नवा जोडीदार शोधू शकतो. बॅडमिंटनमध्ये क्रमवारी जोडीची असते. जोडी मोडली की दोघांनाही जवळजवळ तळापासून चढावं लागतं. तळापासून चढताना दूरदूरच्या लहान स्पर्धांचा प्रवासखर्च कुणीतरी उचलावा लागतो, आणि तो उचलणारी व्यवस्था नसेल तर जोडी मोडणं म्हणजे कारकीर्द मोडणं. टेनिसमधल्या भारतीय दुहेरीपटूला जगाच्या बाजारानं जे दिलं, ते बॅडमिंटनमधल्याला देशातल्या संघटनेनंच द्यायला हवं होतं.

ते मिळत नव्हतं, हे सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं ज्वाला गुट्टानं. तिच्या बोलण्याचा सूर अनेकांना रुचला नाही, पण मुद्द्याला उत्तर फारसं कुणी दिलं नाही. व्ही. डिजूबरोबर ती मिश्र दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत पोचली. अश्विनी पोनप्पाबरोबर तिनं २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०११च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. पदुकोण यांच्या १९८३च्या कांस्यानंतर भारताला जागतिक स्पर्धेत मिळालेलं हे पहिलं पदक होतं. मधल्या अठ्ठावीस वर्षांत एकेरीलाही ते जमलं नव्हतं. एवढ्या कमाईनंतर दोनच वर्षांनी, २०१३मध्ये, देशातली बॅडमिंटनची पहिली फ्रँचायझी लीग आली आणि तिच्यातून महिला दुहेरी हा प्रकारच गाळला गेला. ज्वाला आणि अश्विनी यांची लिलावातली पायाभूत किंमत पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर आली. ज्या प्रकारात देशाला जागतिक पदक मिळालं होतं, तोच प्रकार देशातल्या बाजाराला विक्रीयोग्य वाटला नाही. लीगवाल्यांची बाजू अशी असू शकते की पाच सामन्यांत सगळं बसवायचं तर काहीतरी सोडावंच लागतं आणि प्रेक्षक एकेरीला येतो. मान्य. पण सोडायची वेळ आली तेव्हा दुहेरीवरच हात पडला, यातून त्या पेशाची तेव्हाची पत कळते.

खरा बदल २०१५च्या अखेरीस तान किम हेर हे मलेशियाचे प्रशिक्षक भारतीय संघाच्या दुहेरीसाठी आले तेव्हा सुरू झाला. नुसत्या दुहेरीसाठी परदेशी प्रशिक्षक, हे आपल्याकडे दुर्मीळ होतं. त्यांनी आंध्रातल्या अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांना एकत्र आणलं. दोघेही उंच, दोघेही मागून मारणारे. पारंपरिक हिशेबानं एक मागचा आणि एक पुढचा अशी जोडी लावतात, त्यामुळे हा जोड चुकीचाच वाटावा असा होता. तान यांचं गणित वेगळं होतं. दोघांकडूनही असा मारा यावा की समोरच्याला श्वास घ्यायला जागाच राहू नये, जाळीजवळचा खेळ शिकवता येतो, उंची आणि ताकद शिकवता येत नाही. मग चिरागनं पुढचं कोर्ट शिकून घेतलं. तो गोरेगावला उदय पवार यांच्याकडे तयार झाला होता, आणि पवार स्वतः दुहेरीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले. एकेरीच्या लाटेतही मुंबईत दुहेरीची विद्या सांभाळणारे लोक होते, हे यावरून दिसतं. फक्त ती विद्या पुढे कुठे न्यायची याला वाट नव्हती. तान २०१९च्या सुरुवातीला गेले. त्यांच्या जागी इंडोनेशियाचे फ्लांडी लिम्पेले आले, त्यानंतर डेन्मार्कचे मथियास बो. लिम्पेले यांच्याकडे अथेन्स ऑलिंपिकचं कांस्य, बो यांच्याकडे लंडनचं रौप्य, आणि दोन्ही पुरुष दुहेरीतली. सत्तरच्या दशकापासून बाहेर साचत गेलेलं ज्ञान असं एकामागून एक भारतात आलं.

नंतरचं बहुतेकांना ठाऊक आहे. २०१९ची थायलंड ओपन, २०२२चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कांस्य, २०२३मध्ये दुबईत आशियाई विजेतेपद, जाकार्तात इंडोनेशिया ओपन, हांगझोऊत आशियाई सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीत पहिलं स्थान. मधल्या टोकियो ऑलिंपिकचा चटका मात्र विसरता येत नाही. तिथे या जोडीनं गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले, त्यातला एक पुढे सुवर्ण मिळवणाऱ्या तैवानी जोडीविरुद्ध, आणि गेमच्या हिशेबात ते बाहेर पडले.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो अधिक वजनदार आहे. ही सगळी कहाणी दोन असामान्य मुलांची आहे, पेशाबिशाची कसली? अशी जोडी नशिबानं जुळते, व्यवस्थेनं नाही. याला माझं उत्तर अर्धं होकाराचं आहे. मे २०२२मध्ये बँकॉकला भारतानं थॉमस करंडक जिंकला. आता लढत नवाऐवजी पाच सामन्यांची असते, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाविरुद्ध आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध भारत पहिली एकेरी हरला होता. दोन्ही वेळा बरोबरी साधून दिली ती सात्विक-चिरागनं. अंतिम सामन्यात इंडोनेशियाविरुद्धही त्यांनी आपला सामना जिंकला. त्र्याहत्तर वर्षांत भारताला न मिळालेला करंडक दुहेरीचा एक सामना खात्रीनं जिंकता येऊ लागल्यावर हाती आला, असं म्हणायला हरकत नाही, अर्थात एकेरीतल्या श्रीकांत आणि प्रणॉय यांचं श्रेय न कापता. पण उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा दोन्ही लढतींत भारताची दुसरी जोडी हरली. म्हणजे आपल्याकडे जोडी होती, फळी नव्हती. आक्षेप घेणारा याकडे बोट दाखवून म्हणेल, पाहा, व्यवस्था कुठे आहे? माझ्या मते हा पुरावा उलट्या दिशेलाही तितकाच जातो. ती दोन मुलं दहा वर्षं आधी जन्मली असती तर वेगवेगळ्या जोड्यांत फुटकळ स्पर्धा खेळून संपली असती, कारण त्यांना शेजारी उभं करणारा माणूसच नेमलेला नव्हता. गुणवत्ता नशिबानं येते हे खरं. ती ओळखून कोर्टवर एकत्र ठेवायला पगारी माणूस लागतो.

पैशाबद्दलही एक समज तपासून घ्यायला हवा. वर्ल्ड टूरच्या स्पर्धांत बक्षिसं समान आहेत, असं सांगितलं जातं. वाटपाची रीत अशी आहे की एकेरीच्या विजेत्याला एकूण रकमेच्या सात टक्के मिळतात आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला सात पूर्णांक चार. साडेआठ लाख डॉलरच्या स्पर्धेत एकेरीवाला साडेएकोणसाठ हजार घेऊन जातो, दुहेरीवाले दोघे मिळून बासष्ट हजार नऊशे, म्हणजे प्रत्येकी साडेएकतीस हजारांच्या आत. जोडीला समानता, माणसाला जेमतेम निम्मं. शिवाय जोखीम दुप्पट. पॅरिस ऑलिंपिकनंतर सात्विकचा खांदा दुखावला तेव्हा चिराग धडधाकट असूनही दोघांची जोडी काही महिने स्पर्धांबाहेर राहिली. एकाच्या दुखापतीनं दोघांची कमाई थांबते आणि क्रमवारीतले गुणही दोघांचे झिजतात. दुहेरीपटूला प्रायोजक, नोकरी आणि सरकारी मदत यांची गरज एकेरीवाल्यापेक्षा अधिक असते ती यामुळे. खेलरत्न पुरस्कारानं ती भागत नाही, पण २०२३चा खेलरत्न या दोघांना जोडीनं मिळाला तेव्हा निदान सरकारदरबारी तरी हा पेशा दाखल झाला.

महिलांकडे पाहिलं तर बदल थोडा निराळ्या वाटेनं उतरलेला दिसतो. केरळची त्रिसा जॉली आणि हैदराबादची गायत्री गोपीचंद या जोडीनं २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं ऑल इंग्लंडची उपांत्य फेरी गाठली, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य घेतलं आणि २०२४मध्ये लखनौची सय्यद मोदी स्पर्धा जिंकली. त्यातली गायत्री ही २००१च्या ऑल इंग्लंड एकेरी विजेत्याची मुलगी. तिची आई पी. व्ही. व्ही. लक्ष्मी अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळलेली. घरात एकेरीचा एवढा वारसा आणि स्वतःची अकादमी असताना या मुलीनं विशीच्या आतच दुहेरी हीच आपली वाट धरली, आणि तिला त्या वाटेवर सोडणारे आईवडील एकेरीच्याच पिढीतले होते.